गॅरेजचे दार रस्त्याकडे की बाजूला? जोते घालण्याआधी मांडायचे गणित

खमरिया (जबलपूर) : नोकरीची तीस-पस्तीस वर्षे सरकारी वसाहतीत काढलेल्या कुटुंबाला निवृत्तीच्या सुमारास प्रथमच स्वतःच्या घराचा नकाशा हाती घ्यावा लागतो. खोल्या किती, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, देवघर कोठे, जिना आतून की बाहेरून, या प्रश्नांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. मोटारीची जागा मात्र बहुधा शेवटी उरलेल्या कोपऱ्यात आखली जाते. घर उभे राहते, गाडी येते आणि मग लक्षात येते की गाडी आत जाते खरी, पण वळत नाही. किंवा वळते, पण त्यासाठी अंगणातील आंबा तोडावा लागतो.

अलीकडे उपनगरी घरांच्या नकाशांत एक रचना वारंवार दिसू लागली आहे. तिच्यात गॅरेजचे दार रस्त्याकडे तोंड करून नसते. ते घराच्या बाजूच्या भिंतीत असते. गाडी फाटकातून आत येते, काटकोनात वळते आणि मग गॅरेजमध्ये शिरते. या रचनेला पार्श्वप्रवेशी गॅरेज म्हणता येईल. ती दिसायला नेटकी असते आणि तिचे काही फायदे खरोखर मोलाचे आहेत. परंतु ती प्रत्येक भूखंडाला मानवत नाही. ती मानवेल की नाही हे बहुतांशी भूखंडाच्या रुंदीवर ठरते, आणि ही रुंदी मोजण्याची वेळ जोते घालण्याआधीची असते.

वसाहतीतील सवय आणि बाहेरील भूखंड

जबलपूरच्या पूर्वेकडील खमरिया हा भाग आयुध निर्माणीमुळे ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगार व अधिकाऱ्यांची वसाहत वसली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुध निर्माण्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले, तेव्हा खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि भद्रावती येथील निर्माण्याही याच कंपनीत आहेत. त्यामुळे खमरियातील निवृत्त कर्मचाऱ्यासमोर उभा राहणारा घराचा प्रश्न महाराष्ट्रातील या वसाहतींनाही अपरिचित नाही.

जबलपूरचे मोटारींशी नातेही जुने आहे. येथील तोफगाडी कारखान्यात आणि १९६९ पासून वाहन निर्माणीत सैन्यासाठी शक्तिमान ट्रक तयार झाले. सैन्याच्या जोंगा या गाडीचे नावच जबलपूरच्या निर्माण्यांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून पडले. तरीही गाड्या बनवणाऱ्या या शहरातील सामान्य कुटुंबाच्या घरात चारचाकी आली ती फार उशिरा. वसाहतीतील बहुतेक घरे सायकल आणि नंतर स्कूटर यांचा विचार करून बांधलेली होती.

अपवाद होता तो इंग्रजी अमदानीतील बंगल्यांचा. छावण्या, सिव्हिल लाइन्स आणि सरकारी वसाहतींतील जुन्या बंगल्यांत मोटार पुढच्या पोर्चमध्ये येऊन उभी राहत असे आणि माणसे उतरली की बाजूने मागे जात असे. गॅरेज मुख्य घराला चिकटलेले नसे. ते नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत, आवाराच्या कडेला असे. पुण्याच्या डेक्कन जिमखाना परिसरात किंवा नागपूरच्या धरमपेठेत टिकून असलेल्या काही जुन्या बंगल्यांतही बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून मागे जाणारी वाट आणि तिच्या टोकाला गॅरेज अशीच मांडणी दिसते. म्हणजे गाडी घराच्या दर्शनी भागापासून दूर ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. तेव्हा आवार मोठे होते, एवढाच फरक.

वसाहतीबाहेर, रांझीकडे किंवा शहराच्या इतर कडांना घेतलेला भूखंड तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. वसाहतीतील ऐसपैस मोकळ्या जागेची सवय झालेले डोळे आणि दीड हजार चौरस फुटांची प्रत्यक्ष जमीन यांतील अंतर नकाशावर चटकन कळत नाही.

कल्पना आली कोठून?

आज ज्या स्वरूपात पार्श्वप्रवेशी गॅरेज चर्चेत आहे, ते मुख्यतः अमेरिकेतील उपनगरांतून आलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घर आणि गॅरेज एकाच छपराखाली आले. पुढे दोन-तीन गाड्यांची सोय करता करता गॅरेजचे दार इतके रुंद झाले की रस्त्यावरून घरापेक्षा गॅरेजच अधिक दिसू लागले. माणसांच्या वावराचे दार आणि खिडक्या मागे ढकलल्या गेल्या. ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड शहराने १९९९ मध्ये नव्या घरांच्या दर्शनी भागात गॅरेजचे प्राबल्य राहू नये यासाठी नियम केले. शेजारधर्म, पादचाऱ्यांची सुरक्षितता आणि रस्त्यावर राहणारी घरातील माणसांची नजर ही त्यामागील कारणे होती.

दार बाजूला वळवणे हा यावरचा एक उपाय ठरला. रस्त्याकडील भिंतीत खिडक्या आल्या, अंगणात हिरवळ आली आणि गॅरेज ओळखूही येईनासे झाले. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन आलेल्या आईवडिलांना ही मांडणी आवडते आणि तिचे छायाचित्र स्थानिक वास्तुरचनाकारापुढे ठेवले जाते. मात्र ज्या भूखंडांवर ही रचना तेथे शोभते, त्यांची रुंदी बहुधा सत्तर-ऐंशी फुटांच्या पुढे असते, हे छायाचित्रात दिसत नाही.

रुंदीचे गणित

पार्श्वप्रवेशाचा सारा प्रश्न एका काटकोनात सामावला आहे. सरळ प्रवेशाच्या गॅरेजमध्ये गाडी फाटकातून थेट आत जाते. तिला तिच्या रुंदीपेक्षा थोडी अधिक वाट पुरते. पार्श्वप्रवेशात मात्र गाडीला गॅरेजसमोर नव्वद अंशांत वळावे लागते.

राष्ट्रीय इमारत संहितेने खासगी गाडीच्या स्वतंत्र जागेसाठी ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब एवढे माप दिले आहे. गाडी त्याहून लहान असते, पण दरवाजे उघडणे, माणसाने बाजूने चालणे आणि डिकीतून सामान काढणे यांसाठी ही जागा लागते. काटकोनात लावलेल्या गाड्यांसमोर साधारण ६ मीटर रुंद मोकळी पट्टी हवी, हा वाहनतळ आखणाऱ्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तोच येथे लागू पडतो.

आता बेरीज करू. गॅरेजची आतील लांबी ६ मीटर, दोन्हीकडील भिंतींची जाडी मिळून सुमारे अर्धा मीटर, दारासमोर वळण्यासाठी ६ मीटर आणि पलीकडच्या बाजूला शेजाऱ्याच्या हद्दीपासून सोडायचे अंतर किमान दीड मीटर धरले तर एकूण १४ मीटर, म्हणजे सुमारे ४६ फूट होतात. केवळ लहान गाडीपुरता विचार करून गॅरेज ५ मीटर आणि वळणाची जागा साडेपाच मीटर केली, तरी भूखंड ४१ फुटांपेक्षा कमी रुंद चालत नाही. तीस फूट म्हणजे ९.१ मीटर. दोन्ही बाजूंना शेजारी असलेल्या तीस फुटी भूखंडावर पार्श्वप्रवेशी गॅरेज बसत नाही. चाळीस फुटी भूखंडावर ते ओढूनताणून बसवता येते, पण घराची पुढची बाजू जवळजवळ पूर्णपणे गॅरेज आणि वळणाच्या जागेतच संपते. पन्नास फुटांपासून पुढे ही रचना विचारात घेण्याजोगी होते.

गाडीच्या आकाराचाही विचार हवा. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, ठरावीक इंजिन क्षमतेच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क कमी झाले आणि आपल्याकडे आखूड गाड्यांची मोठी बाजारपेठ तयार झाली. मारुती सुझुकीची वॅगनआर सुमारे ३.६५ मीटर लांब आहे आणि तिची वळण्याची त्रिज्या ४.७ मीटर आहे. टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा ४.७३ मीटर लांब असून तिला वळायला ५.४ मीटर त्रिज्या लागते. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन तर १.९ मीटरहून अधिक रुंद आहे. घर पन्नास वर्षांसाठी बांधले जाते आणि गाडी दहा-पंधरा वर्षांनी बदलते. आजच्या लहान गाडीला बेतलेले वळण उद्या मुलाच्या मोठ्या गाडीला पुरणार नाही.

फायदे कोणते?

पहिला फायदा सुरक्षिततेचा आहे. सरळ प्रवेशाच्या गॅरेजमधून गाडी बहुधा मागे घेत रस्त्यावर आणावी लागते. वसाहतीच्या गल्लीत त्या वेळी मुले खेळत असतात, भाजीची हातगाडी उभी असते, वृद्ध माणसे फिरायला निघालेली असतात. पार्श्वप्रवेशात वळणाची जागा आवारातच असल्याने गाडी तेथे फिरवून तोंड पुढे करून फाटकाबाहेर काढता येते. मान वळवून मागे पाहणे ज्यांना अवघड जाते, अशा साठीपुढच्या चालकांना ही सोय विशेष उपयोगी आहे. मागे येणाऱ्या गाडीखाली सापडण्याचे अपघात किती गंभीर मानले जातात, हे कायद्यांवरूनही दिसते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे संवेदक अनिवार्य झाले. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे.

दुसरा फायदा घराच्या दर्शनी बाजूचा. रस्त्याकडे लोखंडी शटरऐवजी खिडकी, ओटा किंवा पडवी राहते. घरातील माणसाची नजर रस्त्यावर राहते आणि रस्त्यावरील हवा-उजेड घरात येतो. तीस फुटी घराच्या पुढच्या भिंतीत तीन मीटरचे शटर बसवले की बैठकीच्या खोलीला खिडकीसाठी भिंतच उरत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

तिसरा फायदा जादा जागेचा. वळणासाठी केलेली फरसबंदी पाहुण्यांची गाडी उभी करणे, घरचे कार्य, पापड-कुरडया वाळवणे, मुलांची सायकल अशा अनेक कामांना येते. चौथा फायदा असा की गॅरेजमधील पसारा रस्त्यावरून दिसत नाही. दार उघडे राहिले तरी आतील सायकली, अवजारे, जुने सामान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

तोटे कोणते?

पहिला तोटा जमिनीचा. रस्त्यापासून साडेचार मीटर आत असलेल्या सरळ प्रवेशाच्या गॅरेजला तीन मीटर रुंदीची वाट, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस मीटर फरसबंदी पुरते. तेवढ्याच अंतरावरील पार्श्वप्रवेशी गॅरेजला वाट, वळणाची जागा आणि गाडी मागे घेताना लागणारा थोडा पुढचा भाग मिळून सुमारे ४० चौरस मीटर फरसबंदी करावी लागते. म्हणजे पंचवीस चौरस मीटरहून अधिक, सुमारे २७० चौरस फूट जमीन केवळ गाडी वळावी म्हणून झाकली जाते. दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडात हा भाग एका चांगल्या खोलीहून मोठा आहे.

दुसरा तोटा पाण्याचा. जबलपुरात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जादा झाकलेल्या पंचवीस चौरस मीटरांवर वर्षभरात सुमारे साडेबत्तीस हजार लिटर पाणी पडते. माती असती तर त्यातील बराच भाग जिरला असता. सिमेंटच्या फरशीवरून तो वाहतो. उतार चुकला तर हे पाणी गॅरेजमध्ये किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडे जाते आणि पहिल्याच पावसाळ्यात भांडणाला कारण मिळते. शहराच्या ज्या भागांत काळी माती आहे, तेथे ती ओली झाल्यावर फुगते आणि वाळल्यावर आकसते. मोठ्या अखंड फरशीला त्यामुळे भेगा पडतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो तेव्हा हीच फरशी तापून शेजारच्या खोलीत उष्णता फेकते.

तिसरा तोटा शेजाऱ्याशी संबंधित आहे. सरळ प्रवेशाच्या गॅरेजमधील आवाज आणि दिव्यांचा झोत रस्त्याकडे जातो. पार्श्वप्रवेशात तो कुंपणापलीकडील शयनगृहाकडे जातो. रात्रपाळी आणि पहाटपाळी असलेल्या कारखान्याच्या गावात ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही.

चौथा तोटा खर्चाचा आणि सरावाचा. अधिक फरसबंदी, अधिक पन्हळी, बाजूच्या भिंतीत रुंद दारासाठी जाड तुळई यांमुळे खर्च वाढतो. घाईच्या वेळी दररोज दोनदा काटकोनात वळण घेताना दाराच्या चौकटीला गाडी घासण्याची शक्यता असते. त्यासाठी दार तीन मीटरपेक्षा अरुंद ठेवू नये. पसारा रस्त्यावरून दिसत नाही हा फायदा सांगितला; त्याची दुसरी बाजू अशी की कुलूप तोडणारा चोरही रस्त्यावरून दिसत नाही. बाजूला दिवा आणि घरातून त्या दिशेला उघडणारी एखादी खिडकी असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भूकंपाने शिकवलेला धडा

जबलपूरमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे या शहराला ५.८ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. जवळपास चाळीस जणांचा बळी गेला आणि हजारो घरांची हानी झाली. जबलपूर तेव्हाही भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात गणले जात होते. त्या वेळी अभियंत्यांच्या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवून वर भिंतींनी भरलेले मजले चढवलेल्या काही इमारतींच्या तळमजल्यावरील खांबांना मोठी इजा झाली होती. वरचा भाग जड आणि ताठ, खालचा भाग मोकळा आणि लवचिक, अशा इमारतीत हादऱ्याचा सारा ताण खालच्या खांबांवर येतो. २००१ च्या भुज भूकंपात हेच अधिक भीषण स्वरूपात दिसले. त्यानंतर २००२ मध्ये भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकात सुधारणा झाली आणि अशा मोकळ्या मजल्यातील खांब व तुळया अडीच पट भारासाठी आखण्याची तरतूद आली. अमेरिकेत १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसमधील एक रहिवासी इमारत तळमजल्यावरील गाड्यांच्या मोकळ्या जागेवर कोसळून सोळा जण दगावले होते.

एका कुटुंबाचे विटांचे घर इतके धोकादायक नसले तरी तत्त्व तेच आहे. भार पेलणाऱ्या भिंतीत गॅरेजचे दार हे सर्वांत मोठे भगदाड असते. विटांच्या घरांसाठी असलेल्या भारतीय मानकानुसार भूकंपप्रवण भागात एकमजली घराच्या भिंतीतील दारे-खिडक्यांची एकत्रित रुंदी भिंतीच्या लांबीच्या साधारण निम्म्याच्या आसपास राहावी आणि मजले वाढतील तसे हे प्रमाण कमी व्हावे, अशी अपेक्षा आहे.

आता दोन भिंतींची तुलना करू. घराची पुढची भिंत ७ मीटर आहे. तीत २.७ मीटरचे शटर, १.२ मीटरचे मुख्य दार आणि दीड मीटरची खिडकी बसवली तर ५.४ मीटर, म्हणजे भिंतीचा तीनचतुर्थांशांहून अधिक भाग मोकळा होतो. तेच शटर १२ मीटर लांबीच्या बाजूच्या भिंतीत, सव्वा-सव्वा मीटरच्या दोन खिडक्यांसह बसवले तर मोकळा भाग सुमारे ५.२ मीटर, म्हणजे ४३ टक्के राहतो. लांब भिंतीत दार गेल्याने घर अधिक भक्कम राहू शकते, हा पार्श्वप्रवेशाचा फारसा बोलला न जाणारा फायदा आहे.

परंतु त्याला दोन अटी आहेत. दार घराच्या अगदी कोपऱ्याला लावू नये. कोपरा हा दोन भिंतींना एकमेकींशी बांधणारा भाग असतो. दुसरे असे की गॅरेज घरापुढे बाहेर काढून काटकोनी आकार केला, तर दोन्ही भाग हादऱ्यात वेगवेगळे डोलतात आणि जोडाच्या आतल्या कोनात तडे जातात. अशा वेळी गॅरेज आणि घर यांच्यात फट ठेवून ते स्वतंत्र उभारणे किंवा अभियंत्याकडून संपूर्ण आराखडा तपासून घेणे हाच मार्ग आहे. जोत्याशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली अशा सलग काँक्रीटच्या पट्ट्या गॅरेजभोवतीही फिरल्या पाहिजेत. गॅरेज म्हणजे दुय्यम बांधकाम, असे समजून तेथे पट्टी तोडली जाते, तेव्हा घराचा कमरपट्टाच तुटतो.

कोपऱ्याचा भूखंड

पार्श्वप्रवेशाचे बहुतेक फायदे कमी खर्चात मिळतात ते कोपऱ्याच्या भूखंडावर. दोन रस्ते लागून असल्याने घराचे मुख्य दार मोठ्या रस्त्याकडे आणि गॅरेजचे दार बाजूच्या लहान रस्त्याकडे ठेवता येते. गाडीला आवारात काटकोन घ्यावा लागत नाही. वळणाचे काम रस्त्यावरच होते. त्यामुळे तीस फुटी भूखंडही चालतो. येथे गाडी मागे घेत बाहेर काढावी लागते खरी, पण ती कमी वर्दळीच्या रस्त्यावर.

या ठिकाणी राष्ट्रीय इमारत संहितेची एक सूचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोपऱ्याच्या भूखंडावरील गॅरेज दोन रस्त्यांच्या छेदनबिंदूच्या तिरकस समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे चौकापासून सर्वांत दूर असावे, असे ती सांगते. कारण उघड आहे. चौकाजवळून मागे येणारी गाडी वळणाऱ्या वाहनांना दिसत नाही. गॅरेज इमारत रेषेच्या मागे असावे आणि त्याचे जोते सभोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच असावे, अशाही सूचना संहितेत आहेत.

याच जोत्याच्या उंचीतून आपल्या शहरांतील एक जुना कज्जा निर्माण होतो. घराचे जोते उंच, रस्ता खाली आणि मधला उतार सोडायला आवारात जागा नाही, अशा वेळी सिमेंटचा उतार सरळ गटारावरून रस्त्यावर उतरवला जातो. गटार तुंबते, रस्ता अरुंद होतो आणि अतिक्रमणाची नोटीस येते. बाजूच्या रस्त्याकडे दार ठेवणाऱ्यांनी उतार आपल्या हद्दीत संपेल आणि फाटक उघडेपर्यंत गाडी रस्त्यावर आडवी राहणार नाही, एवढे अंतर आधीच राखले पाहिजे.

परवानगी, धूर आणि वीज

मध्य प्रदेशात बांधकामासाठी भूमी विकास नियम, २०१२ लागू आहेत आणि नकाशे संगणकीय प्रणालीतून मंजूर होतात. महाराष्ट्रात बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दोन्हीकडे भूखंडाच्या आकारानुसार आणि रस्त्याच्या रुंदीनुसार सोडायचे अंतर बदलते. महाराष्ट्रात त्याला सामासिक अंतर म्हणतात, मध्य प्रदेशात ते एमओएस या नावाने परिचित आहे. या अंतरात गाडी उभी करणे आणि तेथे छप्पर घालून गॅरेज बांधणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पार्श्वप्रवेशाचा नकाशा काढताना वळणाची जागा बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात धरली जाते; पुढे तेथेच पत्र्याचे छप्पर चढते आणि मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांत तफावत पडते. घर विकताना किंवा कर्ज घेताना ही तफावत महाग पडते.

घराला चिकटलेल्या गॅरेजबाबत धुराचा विचारही आवश्यक आहे. बंद जागेत चालू इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. गॅरेज आणि घर यांमधील दार आपोआप बंद होणारे असावे, ते शयनगृहात उघडू नये आणि गॅरेजला समोरासमोर दोन झरोके असावेत. विजेवर चालणारी गाडी आज नसली तरी उद्या येईल, हे गृहीत धरून गॅरेजपर्यंत स्वतंत्र वायर, योग्य अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण यांची सोय भिंती बांधतानाच केली तर पुढे फोडाफोड टळते. चार्जिंगची वायर अंगणातून किंवा फाटकावरून ओढत नेणे पावसाळ्यात धोक्याचे आहे.

निर्णय कसा घ्यावा?

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. गॅरेजच्या बाबतीत मात्र न बांधताही पाहता येते. भूखंडावर चुन्याच्या फक्कीने घराची, गॅरेजची आणि कुंपणाची रेषा आखावी. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि कुंपणाच्या जागी बांबू रोवावेत. मग स्वतःची गाडी, आणि शक्य असल्यास नातेवाइकाची एखादी मोठी गाडी, त्या रेषांमधून आत नेऊन बाहेर काढून पाहावी. घरात गाडी चालवणारे जितके आहेत तितक्यांनी ती चालवून पाहावी. तीनहून अधिक वेळा मागेपुढे करावे लागले तर ती जागा अपुरी आहे. अर्ध्या तासाच्या आणि काही रुपयांच्या फक्कीच्या या प्रयोगाने जे कळते, ते नकाशावर अनेक बैठकांतही कळत नाही.

तीस फुटी आणि दोन्हीकडे शेजारी असलेल्या भूखंडावर सरळ प्रवेश किंवा बाजूच्या पट्ट्यातून मागे जाणारी वाट हाच व्यवहार्य पर्याय आहे. तेथे भिंती बंद गॅरेजऐवजी केवळ छपराची उघडी जागा ठेवली तर उजेड आणि खर्च दोन्ही वाचतात. कोपऱ्याचा भूखंड असेल तर बाजूच्या रस्त्याकडील दार बहुधा उत्तम ठरते. भूखंड पन्नास फूट किंवा त्याहून रुंद असेल, घरात वृद्ध चालक किंवा लहान मुले असतील आणि समोरचा रस्ता वर्दळीचा असेल, तर आवारात वळणारे पार्श्वप्रवेशी गॅरेज त्यासाठी दिलेल्या जमिनीचे मोल फेडते. फरसबंदीच्या जागी मातीत पाणी जिरू देणारे सच्छिद्र ठोकळे वापरले, वळणाच्या कडेला शोषखड्डा केला आणि एक झाड राखले, तर पाण्याचा आणि उष्णतेचा तोटाही बराच कमी होतो.

निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम बहुतेक कुटुंबांना एकदाच मिळते आणि घरही एकदाच बांधले जाते. खोलीचा रंग, फरशी, दारे पुढे बदलता येतात. गॅरेजचे तोंड कोणत्या दिशेला, हे मात्र जोते उठल्यानंतर बदलता येत नाही. म्हणून नकाशावर पहिली रेघ ओढताना खोल्यांबरोबरच गाडीच्या वळणाचाही विचार झाला पाहिजे.